जुना गेम नव्या विंडोजवर चालेना? कम्पॅटिबिलिटीची टिक करण्याआधी हे बघा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की जुने पेनड्राइव्ह आणि सीडीची पाकिटं बाहेर निघतात. डेव्ह, प्रिन्स, क्लॉ, एज ऑफ एम्पायर्स, आयजीआय, व्हाइस सिटी. आयकॉनवर डबल क्लिक केलं की कधी काहीच होत नाही, कधी स्क्रीन काळा होऊन परत डेस्कटॉप येतो, तर कधी गेम सुरू होतो पण गवत लाल, पाणी जांभळं आणि घोडेस्वार वाऱ्याच्या वेगाने पळतात. एकदा कसाबसा जुळवला तरी विंडोजचं मोठं अपडेट आलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

यावर ठरलेला सल्ला असतो: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक 3', वर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. या टिकेने होतं एवढंच की गेमला विंडोजचा खोटा आवृत्ती-क्रमांक सांगितला जातो आणि ठरावीक जुन्या सवयी सांभाळून घेतल्या जातात. गेम केवळ आवृत्ती बघून अडला असेल तर तो चालू होतो. पण 16 बिटची (म्हणजे फार जुन्या पद्धतीची) फाईल, विंडोजने काढून टाकलेला ड्रायव्हर किंवा प्रोसेसरच्या वेगाशी बांधलेलं घड्याळ, यातलं काहीच त्या टिकेने बदलत नाही. म्हणून आधी बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ओळखायचं.

(खाली फाईलींची नावं आणि आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.)

फाईल किती बिटची?

'धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी' किंवा '16-बिट ॲप्लिकेशन' असा शब्द असलेला संदेश आला तर पुढचं सगळं सोडा आणि हे आधी तपासा. गेमच्या ईएक्सई फाईलची एक प्रत काढून नोटपॅडमध्ये उघडा. कचऱ्यासारखी अक्षरं दिसतील, सेव्ह मात्र करू नका. पहिली दोन अक्षरं 'एम' आणि 'झेड' असतील. हा फाईलचा साचा ठरवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. आजच्या विंडोज 11 च्या प्रोग्रॅमवरही तीच आहेत. त्यानंतर थोड्याच अंतरावर, बहुतेक वेळा 'धिस प्रोग्रॅम कॅनॉट बी रन इन डॉस मोड' या वाक्याच्या मागोमाग, 'पी' 'ई' ही जोडी दिसली तर प्रोग्रॅम 32 बिटचा किंवा त्यापुढचा आहे. 'एन' 'ई' दिसली तर तो विंडोज 3.1 च्या काळातला 16 बिटचा. दोन्ही नसतील, किंवा 'एल' 'ई' असेल, तर तो डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा समजा.

64 बिटच्या विंडोजमध्ये 16 बिटचे प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही, आणि विंडोज 11 ची 32 बिट आवृत्ती निघालेलीच नाही. त्यामुळे डेव्ह (1990) किंवा डॉसवरचा प्रिन्स ऑफ पर्शिया याला एक्सपीची टिक हजारदा केली तरी पालथ्या घड्यावर पाणी. 16 बिटच्या विंडोज गेमसाठी 'वाइनव्हीडीएम' (त्यालाच 'ओटीव्हीडीएम' म्हणतात) आणि डॉसच्या गेमसाठी डॉसबॉक्स (विंडोजमध्ये डॉसचा जुना कॉम्प्युटर उभा करणारा प्रोग्रॅम), हे दोनच सरळ मार्ग.

डॉसबॉक्समध्ये माणसं अडतात ती ठरलेल्या तीन-चार जागी. सी ड्राइव्हवर 'डॉसगेम' असं आठ अक्षरांच्या आतलं, मध्ये जागा न सोडलेलं नाव देऊन फोल्डर करा आणि त्यात 'डेव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये गेम ठेवा. नाव मोठं असलं की डॉसबॉक्स ते कापून सहा अक्षरं आणि पुढे '~1' असं दाखवतो, मग 'फाईल नॉट फाउंड'. आज्ञा अशा:

माउंट सी सी:\डॉसगेम
सी:
सीडी डेव्ह
डेव्ह

अख्खा सी ड्राइव्ह माउंट करू नका, डॉसबॉक्स स्वतःच तशी ताकीद देतो. दर वेळी हे टाइप करायचा कंटाळा येत असेल तर कॉन्फिगरेशन फाईलच्या अगदी शेवटी 'ऑटोएक्झेक' हा भाग असतो, त्याखाली याच चार ओळी लिहून ठेवा. माउस अडकला तर कंट्रोल-एफ10, पूर्ण स्क्रीनसाठी ऑल्ट-एंटर.

वेगाचं दुखणं 'सायकल्स'मध्ये, म्हणजे डॉसबॉक्सने आपल्या नकली प्रोसेसरला दिलेल्या वेगात असतं. डॉसबॉक्स 0.74 साध्या गेमना 3000 सायकल्सवर चालवतो. डेव्ह आणि प्रिन्सला ते पुरतात, क्वेकसारख्या जड गेमला नाही. कंट्रोल-एफ12 ने वाढवा, कंट्रोल-एफ11 ने कमी करा. चालू आकडा खिडकीच्या वरच्या पट्टीत दिसतो. लॅपटॉपवर बरेचदा त्याबरोबर एफएन दाबावं लागतं, नाहीतर आवाज किंवा ब्राइटनेसच बदलत बसतो. 'रनटाइम एरर 200' दिसला तर तो टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आहे. सुरू होताना प्रोसेसरचा वेग मोजायला तो एक भागाकार करतो. प्रोसेसर साधारण 200 मेगाहर्ट्झच्या पुढे गेला की उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही आणि प्रोग्रॅम 'शून्याने भागलं' म्हणून पडतो. सायकल्स उतरवल्या की सुरळीत.

प्रिन्समध्ये पहिली पातळी संपल्यावर अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांच्या खोलीत अडकलात तर तो बिघाड नाही. मूळ गेमबरोबर आलेल्या पुस्तिकेतला शब्द शोधून त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्यायची, अशी ती नकलेविरुद्धची युक्ती होती. पुस्तिका नसेल तर 'एसडीएलपॉप' वापरा. तो डॉस आवृत्तीचा बारकाईने उलगडा करून पुन्हा लिहिलेला खेळ आहे आणि आजच्या विंडोजवर डॉसबॉक्सशिवाय चालतो. वाचनाची हौस असणाऱ्यांसाठी आणखी एक: जॉर्डन मेकनर यांनी ॲपल-2 वरच्या मूळ प्रिन्सचा सोर्स कोड 2012 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. असेंब्ली ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नसली तरी चाळून बघण्यासारखा आहे.

गेम 32 बिटचा, पण सेटअप 16 बिटचा

1995 ते 2000 च्या सीडींमध्ये हे फार दिसतं. गेम आजही चालेल, पण त्याचं सेटअप जुन्या इन्स्टॉलशिल्डचं असल्याने दारातच अडतं. काही ओळखीच्या जुन्या इन्स्टॉलरना 64 बिटचं विंडोज गुपचूप 32 बिटचा पर्याय लावून चालवतं. म्हणून एक सीडी चालते आणि तिच्याच काळातली दुसरी चालत नाही. न चालणाऱ्या सेटअपसाठी वर सांगितलेला वाइनव्हीडीएम वापरून बघा. नाही जमलं तर सीडीवर गेमचा अख्खा फोल्डर तसाच ठेवलेला आहे का ते शोधा आणि उचलून 'सी:\गेम्स'मध्ये टाका.

उचलून टाकलेला गेम कधीकधी 'आधी इन्स्टॉल करा' म्हणून हटून बसतो, कारण त्याला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, स्वतःचा पत्ता सापडत नाही. इथे नेहमी होणारी गफलत अशी: हाताने नोंद केली जाते 'एचकेइवाय लोकल मशीन'मधल्या 'सॉफ्टवेअर'खाली, आणि 32 बिटचा गेम वाचतो 'सॉफ्टवेअर'मधल्या 'वाउ6432नोड'खाली. नोंद बरोबर असते, जागा चुकते.

500 जीबी मोकळी असताना 'डिस्कवर जागा नाही' हा संदेशही याच काळातला. सेटअप मोकळी जागा 32 बिटच्या आकड्यात मोजतं. 2 जीबीच्या पुढे आकडा उलटून उणे होतो आणि त्याला वाटतं डिस्क भरली. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ॲक्शनमधून 'क्रिएट व्हीएचडी' (एका फाईलमध्ये राहणारी आभासी डिस्क), आकार 1500 एमबी. मग तिला एमबीआरने इनिशियलाइज करून फॉरमॅट करा, 'जी' हे अक्षर द्या आणि गेम तिथे टाका. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर ही डिस्क आपोआप जोडली जात नाही, व्हीएचडी फाईलवर डबल क्लिक करावं लागतं. 'काल चालत होता, आज शॉर्टकटच मेला' यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

मूळ सीडी असूनही 'सीडी घाला'

सेफडिस्क हे नक्कल रोखणारं संरक्षण असलेल्या सीडींना 'सेकड्रव्ह' नावाचा ड्रायव्हर लागतो. विंडोज 10 पासून तो नाहीच, आणि विंडोज व्हिस्टा, 7, 8 मध्येही सप्टेंबर 2015 च्या सुरक्षा अपडेटने तो बंद केला. त्या ड्रायव्हरमधल्या भोकातून कॉम्प्युटरचा ताबा घेता येत होता. तो परत बसवण्यासाठी विंडोजची सही-तपासणी बंद करायला सांगणारे व्हिडिओ सापडतात. ते करू नका, एका गेमपायी घराचा दरवाजा उघडा टाकण्यात अर्थ नाही. प्रकाशकाने नंतर सीडी-तपासणी काढणारा अधिकृत पॅच दिला आहे का ते बघा, नाहीतर जीओजीसारख्या दुकानातून संरक्षण नसलेली आवृत्ती घ्या. सायबर कॅफेच्या पेनड्राइव्हवरून आलेली 'नो-सीडी' ईएक्सई वापरायचीच नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यातल्या कितीतरी फाईलींना व्हायरस चिकटलेला असतो आणि तो घरातल्या बाकीच्या ईएक्सई फाईलींनाही लागतो.

गेम चालतो पण संगीत नाही, ही तक्रार सीडीची आयएसओ प्रत केल्यावर येते. त्या काळात संगीत सीडीवर वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असायचं. क्वेकचं (1996) नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनर यांनी केलेलं संगीत तसंच आहे. आयएसओमध्ये फक्त डेटा येतो, ट्रॅक गळून पडतात. प्रत 'बिन' आणि 'क्यू' अशा जोडीत काढा. विंडोज ती जोडी स्वतः माउंट करत नाही, पण डॉसबॉक्स करतो: 'इमजीमाउंट डी', मग क्यू फाईलचा पत्ता, शेवटी '-टी आयएसओ'.

रंग बिघडले, किंवा 'डायरेक्टड्रॉ' नावाने ओरडतो

डायरेक्टड्रॉ म्हणजे जुन्या गेमना स्क्रीनवर चित्र काढून देणारा विंडोजचा भाग. एज ऑफ एम्पायर्स 2 (1999) आणि स्टारक्राफ्ट (1998) एका वेळी 256 रंग वापरतात. कोणत्या क्रमांकाला कोणता रंग हे गेम एका तक्त्यात लिहितो. विंडोज 7 वर एक्सप्लोरर मध्येच त्या तक्त्यातले रंग बदलायचा, म्हणून गवत लाल. तेव्हा टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून गेम चालवायचा उपाय लोकप्रिय झाला. तो आता विसरा. आजच्या विंडोजवर दुखणं बहुधा वेगळं असतं: काळा स्क्रीन, मेनूत सरकणारा माउस मागे रेघा सोडतो, किंवा 'कुड नॉट इनिशियलाइज ग्राफिक्स सिस्टिम'.

औषध 'सीएनसी-डीड्रॉ'. तो डायरेक्टड्रॉची जागा घेतो, अशा बदली भागाला 'रॅपर' म्हणतात. डीएलएल म्हणजे गेम वापरतो ती मदतनीस फाईल. झिपमधल्या डीड्रॉ.डीएलएल, डीड्रॉ.आयएनआय, त्याचं कॉन्फिग आणि सोबतचे फोल्डर गेमच्या ईएक्सईशेजारी ठेवा. विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये कधीही नाही. कॉन्फिगमध्ये 'विंडोड' किंवा 'बॉर्डरलेस' निवडा, मूळ 4:3 आकार राखायची टिक करा. एवढं करून काहीच फरक पडला नाही तर बहुधा आधी केलेली एक्सपीची टिक आड येते आहे. तिच्यामुळे विंडोज स्वतःचा डायरेक्टड्रॉ आधीच चढवतं आणि शेजारची फाईल वाचलीच जात नाही. सगळ्या कम्पॅटिबिलिटी टिका काढा आणि पुन्हा चालवा. एका फोल्डरात एकच डीड्रॉ.डीएलएल राहू शकते हेही लक्षात ठेवा. दुसऱ्या पॅचनेही तीच फाईल आणली असेल तर कोण कोणावर चढलं ते बघावं लागतं.

गेम त्रिमितीय असेल, किंवा त्याला 3डीएफएक्स या जुन्या ग्राफिक्स कार्डांचं ग्लाइड हवं असेल, तर सीएनसी-डीड्रॉऐवजी 'डीजीव्हूडू 2'. त्याच्या 'एमएस' फोल्डरमधल्या 'एक्स86' मधून डीएलएल घ्यायच्या. 64 बिटचं विंडोज आहे म्हणून 'एक्स64' मधल्या घेतल्या की काम होत नाही, कारण गेम 32 बिटचा आहे. ग्लाइडच्या फाईली '3डीएफएक्स' फोल्डरमध्ये वेगळ्या असतात. कोपऱ्यात त्याचा शिक्का दिसतो तो कंट्रोल पॅनेलच्या डायरेक्टएक्स पानावरून घालवता येतो.

स्क्रीनचा कोपराच दिसतो, बाकी गेम बाहेर? कम्पॅटिबिलिटी पानावरच्या 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'मध्ये ओव्हरराइड चालू करून 'ॲप्लिकेशन' निवडा. ही एक टिक मात्र कामाची.

डायरेक्टप्ले आणि हरवलेल्या डीएलएल

विंडोज-आर दाबून 'ऑप्शनलफीचर्स' टाइप करा, 'लेगसी कंपोनंट्स' उघडा, 'डायरेक्टप्ले'वर (जुन्या गेमचा नेटवर्कवर खेळण्यासाठीचा भाग) टिक करा. एज ऑफ एम्पायर्ससारखे गेम एकट्याने खेळतानाही हे मागतात. घरातल्या दोन कॉम्प्युटरवर आपसात खेळायचं तर दोन्हीकडे वायफायची नोंद 'प्रायव्हेट' हवी, आणि फायरवॉलमध्ये टीसीपी 47624 तसंच टीसीपी व यूडीपी 2300 ते 2400 हे पोर्ट मोकळे हवेत. त्याहून जुने, आयपीएक्स या जुन्या नेटवर्क पद्धतीवर चालणारे गेम असतील तर 'आयपीएक्सरॅपर' लागेल, कारण आयपीएक्स विंडोजमधून केव्हाच गेलं.

'डी3डीएक्स9_43' किंवा 'एक्सइनपुट1_3' सापडत नाही असं म्हणत असेल तर मायक्रोसॉफ्टचं जून 2010 चं डायरेक्टएक्स पॅकेज बसवा. तुमच्याकडे डायरेक्टएक्स 12 असलं तरी या जुन्या फाईली त्यात येत नाहीत. सुट्या डीएलएल वाटणाऱ्या साइटवरून काहीही उतरवू नका.

सगळं पळतंय, किंवा माउसच चालत नाही

काही गेमचं घड्याळ म्हणजे त्यांच्या फ्रेम (एकामागून एक दिसणारी चित्रं). जितक्या जास्त फ्रेम, तितकं जग वेगात. एक्सपीतल्या स्पेस कॅडेट पिनबॉललाही फ्रेमवर लगाम नव्हता. नव्या प्रोसेसरवर तो अख्खा कोर खाऊ लागला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी त्याला सेकंदाला 100 फ्रेमची मर्यादा घातली. आपल्याला तेच करायचं आहे. ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये त्या गेमपुरती 60 ची मर्यादा घाला. 144 हर्ट्झचा मॉनिटर असेल तर हे आधी करा, मग बाकीचं.

व्हाइस सिटीत 'फ्रेम लिमिटर' ऑनच ठेवायचा. तो गेमला 30 फ्रेमवर आणतो आणि ते कमी वाटतं म्हणून सगळे बंद करतात. मग गाड्यांच्या आणि माणसांच्या हालचालींचं गणित विस्कटतं. विंडोज 10 आणि 11 वर माउस हलतच नसेल तर 'सायलेंटपॅच' (जुन्या जीटीए गेमची दुरुस्ती करणारा पॅच) व्हाइस सिटीसाठीचा घ्या आणि 'जीटीए-व्हीसी' ईएक्सई आहे तिथे उघडा. गेम सुरूच न होता बंद पडत असेल तर डॉक्युमेंट्समधल्या 'जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स' या फोल्डरातून 'जीटीए_व्हीसी.सेट' ही एकच फाईल काढून टाका. त्यात फक्त सेटिंग्ज असतात, नवी आपोआप बनते आणि सेव्ह केलेला खेळ जात नाही. कॅमेरा आपोआप गोल फिरत असेल तर गेमपॅड काढून बघा.

फ्रेमची मर्यादा घालूनही गेम अडखळत असेल तर एकाच कोरवर चालवून बघा: टास्क मॅनेजर, डिटेल्स, गेमवर राइट क्लिक, 'सेट ॲफिनिटी', फक्त 'सीपीयू 0'.

सेव्ह सापडत नाही

'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये बसवलेला जुना गेम तिथेच सेव्ह लिहायला जातो. विंडोज त्याला ते करू देत नाही, पण नाहीही म्हणत नाही. ती फाईल वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा', 'लोकल', 'व्हर्च्युअलस्टोअर' या फोल्डरात वळवली जाते. नंतर कोणी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं की गेम खऱ्या फोल्डरात बघतो आणि सेव्ह गायब. म्हणूनच जुने गेम 'सी:\गेम्स'मध्ये बसवा आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या टिकेच्या नादी लागू नका. सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये असतील तर वनड्राइव्हने तो फोल्डर दुसरीकडे हलवलाय का तेही बघा. आयजीआयमध्ये मिशनच्या मध्यात सेव्ह करायचं बटण शोधत असाल तर थांबा, ते कधी नव्हतंच.

अपडेटनंतर पुन्हा बंद

दोष नेहमी विंडोजचाच नसतो. जीटीए मालिकेतल्या सॅन अँड्रियासमधलं स्किमर हे पाण्यावर उतरणारं विमान विंडोज 11 च्या 24एच2 अपडेटनंतर गायब झालं. सायलेंटपॅचच्या कर्त्याने 2025 मध्ये याचा माग काढून लिहिला. हे विमान त्याआधीच्या व्हाइस सिटीत बोट म्हणून नोंदलेलं होतं, म्हणून त्याच्या ओळीत चाकांची मापंच नव्हती. गेम ती ओळ वाचताना रिकाम्या जागी मेमरीत उरलेली आधीच्या गाडीची मापं उचलायचा आणि योगायोगाने सगळं नीट चालायचं. 24एच2 मध्ये विंडोजचा आतला कोड मेमरीचा तोच तुकडा वापरू लागला, शिळी मापं पुसली गेली आणि त्या जागी भलताच आकडा आला. विमान बोलावलं तर खेळाडू थेट कल्पनेपलीकडच्या उंचीवर फेकला जायचा. सायलेंटपॅचने हे दुरुस्त होतं. पॅच नको असेल तर 'व्हेइकल्स.आयडीई' फाईलमध्ये त्या ओळीच्या शेवटी चाकांची राहिलेली मापं भरली तरी चालतं.

मोठं अपडेट झाल्यावर गेम अडला तर याच क्रमाने बघा: डायरेक्टप्लेची टिक उरली आहे का, विंडोज सिक्युरिटीच्या 'प्रोटेक्शन हिस्टरी'त तुमची डीएलएल अडकवून ठेवली आहे का, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलून फ्रेमची मर्यादा पुसली गेली का, लॅपटॉपवर डिस्प्लेच्या 'ग्राफिक्स' पानावर गेमला कोणतं कार्ड दिलं आहे. आणि गेम एकदा नीट चालला की त्याचा अख्खा फोल्डर, टाकलेल्या डीएलएल आणि आयएनआय फाईलींसकट, झिप करून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्यातच एका टेक्स्ट फाईलमध्ये कोणता रॅपर, कोणती आवृत्ती आणि कोणत्या टिका ते लिहून ठेवा.